छोटं काम, मोठा माणूस

भाचीकडे अमेरिकेला गेले होते, तेव्हा आयोवा राज्यातलं ग्रिनेल पाहिलं. गवताळ माळरानावरचं चिमुकलं शहर, १८५४ साली वसलेलं. जुन्या इमारती पायीच बघून होतात! १८८२ च्या चक्रीवादळाने गावाची धूळधाण केली, १८८९ च्या आगीत बाजारपेठ जळाली. म्हणून पेठेत आज विटांच्या पक्क्या इमारती दिसतात.

कोपऱ्यावर १९१४ ची एक बँकेची इमारत आहे. विटांची साधी पेटीच, पण दाराच्या वर गोल खिडकी आणि तिच्याभोवती टेराकोटाची दाट नक्षी. साध्या साडीवर एकच ठसठशीत दागिना घालावा ना, तशी! ती लुई सलिव्हन यांची. उंच इमारतींसाठी नावाजलेल्या या वास्तुविशारदाला उतारवयात मोठी कामं मिळेनाशी झाली. उरल्या त्या छोट्या गावांतल्या बँका. १९२४ मध्ये ते गरिबीतच गेले. पण इथे कुठे हात आखडलेला दिसत नाही.

बचत गटाच्या बैठकीला चारच जणी आल्या की मी कसंबसं उरकून टाकायचे. मैत्रिणींनो, त्या दारापुढे मला माझीच लाज वाटली. परतल्यावर पहिल्या बैठकीला तिघीच होत्या. या वेळी मात्र मी घाई केली नाही.