आकडा चुकला कीं कृति चुकते



आमच्या कसबा बावड्यानजीक पंचगंगेवर राजाराम बंधारा आहे. पावसाळ्यांत तेथील पाण्याची पातळी फुटांत सांगितली जाते. ३९ फूट ही इशारा पातळी व ४३ फूट ही धोका पातळी. ३९ ऐकतांच नदीकांठचीं माणसें सामानाची बांधाबांध करूं लागतात. ४३ ऐकल्यावर विलंब परवडत नाहीं. २०१९ च्या ऑगस्टांत पाणी ५५ फुटांच्याहि वर गेलें, तेव्हां या आकड्यांचें मोल साऱ्या करवीरास कळलें. "पाणी फार आहे" एवढ्यानें कोणाचेंच भागत नाहीं. पुढें काय करावयाचें, हें त्या आकड्यांत ठरलेलें असतें.

संगणकांच्या व्यवहारांतहि असेच आकडे आहेत, आणि ते आज आपणांस समजावून सांगावे असा माझा हेतु आहे.

पुष्कळ कचेऱ्यांत सर्व फाइली एका मुख्य संगणकावर ठेवितात. त्यास फाइल सर्व्हर म्हणतात. इतर संगणक तारेवरून त्याजकडे फाइली मागतात. या देवघेवीची एक प्रसिद्ध पद्धति सन मायक्रोसिस्टिम्स या अमेरिकन कंपनीनें १९८४ सालीं आणिली. तिच्या तिसऱ्या आवृत्तीचे नियम १९९५ सालीं प्रसिद्ध झाले. मागणी पुरी करतां आली नाहीं, तर सर्व्हरनें त्याचें कारण ठराविक आकड्यानें कळवावें, असा तिचा दंडक आहे. २ म्हणजे त्या नांवाची फाइलच नाहीं. १३ म्हणजे आपणांस परवानगी नाहीं. २८ म्हणजे जागा उरली नाहीं. ५ म्हणजे डिस्कच्या वाचन-लेखनांतच बिघाड झाला.

यांहून नाजूक असे दोन आकडे आहेत. मागणाऱ्या संगणकाजवळ प्रत्येक फाइलीची एक खूण असते. ७० म्हणजे, "या खुणेची फाइल आतां उरली नाहीं." १०००८ म्हणजे, "काम अद्याप पुरें झालें नाहीं. थोडें थांबून पुन्हां विचारा."

समजा, वीज जाऊन आली. सर्व्हर जागा झाला, पण फाइलींची डिस्क अद्याप जोडली गेली नाहीं. नेमका त्याच क्षणीं एक कारकून दिवसभर लिहिलेला तक्ता साठवूं पाहतो. सर्व्हरनें ७० म्हटलें, तर मागणारा संगणक आशा सोडतो आणि त्या बिचाऱ्याचें लेखन वायां जाण्याचा प्रसंग येतो; वास्तविक फाइल डिस्कवर सुखरूप असते! १०००८ म्हटलें असतें, तर त्यास थोडा विलंब तेवढा जाणवला असता. उलट, फाइल खरोखरच नष्ट झाली असतां १०००८ म्हणत राहिलें, तर मागणारा व्यर्थ तिष्ठत बसतो.

ही चूक होते कशी? सर्व्हरच्या घरचे आकडे आणि तारेवरचे आकडे सर्वत्र एक नसतात. लिनक्स प्रणालींत "खूण जुनी झाली" यास घरचा आकडा ११६ आहे. तारेवर मात्र ७० च पाठवावा लागतो. यासाठीं आज्ञावलींत भाषांतराचा एक तक्ता असतो. त्या तक्त्यांत नसलेला आकडा आला, तर लिनक्सचा सर्व्हर ५ पाठवून देतो व स्वतःच्या नोंदवहींत इशारा लिहून ठेवितो. ५ पाहून दुरुस्ती करणारा धडधाकट डिस्क उपसून काढतो. खरें कारण जागच्या जागींच राहतें.

म्हणून अशी आज्ञावली लिहिणारानें "माझें काय बिनसलें?" एवढेंच मनाशीं विचारून थांबूं नये. "हा आकडा ऐकून मागणारा काय करील?" हेंहि विचारावें. त्यानें थांबावें, जागा मोकळी करावी, परवानगी मागावी, कीं नाद सोडावा? जें त्यानें करणें योग्य, तेंच त्याच्या हातून घडवील असा आकडा निवडावा.

बंधाऱ्यावरची पट्टी वाचणारा माणूस पूर थांबवूं शकत नाहीं. परंतु त्यानें ४३ च्या जागीं ३९ सांगितले, तर नदीकांठचीं माणसें घर सोडण्याऐवजीं सामान बांधीत बसतील.