डोंगर, सूर्य आणि नोंदवही

संपादकांचा निरोप साधा होता. नव्या शैक्षणिक धोरणात कलेला मोठा मान मिळालाय म्हणतात. तो एखाद्या बाजाराच्या गावातल्या पहिली ते चौथीच्या वर्गात कितपत पोचलाय ते बघून लिहा. पुण्या-मुंबईची प्रयोगशील शाळा नको. म्हणून लासूर स्टेशन. छत्रपती संभाजीनगरहून मनमाडकडे जाताना दौलताबाद आणि पोटूळ मागे पडलं की हे येतं. निजामाच्या रेल्वेने शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी रूळ टाकले आणि मूळ लासूरपासून वेगळी अशी ही वस्ती रुळांच्या आधाराने वाढली. कांदा, कापूस, मका, बाजार समिती, ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग, फाटक पडलं की थबकलेल्या मोटारसायकली. डोळ्यांना कमी पडेल असं इथे काही नाही.

आणि वर्गातल्या चित्रांत? दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य, खाली वाहणारी नदी, काठावर लाल कौलांची झोपडी, तिच्या शेजारी नारळाचं झाड, वर चारच्या आकड्यासारखे पक्षी. समुद्र इथून दोनशे किलोमीटरांहून लांब. घरांवर पत्रे नाहीतर स्लॅब. तरी नारळ वाकलेलाच, झोपडी कौलारूच. कांद्याची चाळ कोणी काढत नाही, मालगाडी कोणी काढत नाही.

हे चित्र मला लासुरात भेटलं म्हणून लासूरला नावं ठेवण्यात अर्थ नाही. ते चंदगडपासून चंद्रपूरपर्यंत भेटतं. मला कुतूहल होतं ते त्याच्या चिवटपणाचं. पाठ्यपुस्तकं बदलली, धोरणं बदलली, पाटी जाऊन वही आली, आणि हा देखावा जागचा हलला नाही. कोण शिकवतं तो? कोणीच नाही. फळ्यावर एकदा काढला जातो, मोठ्या भावाच्या वहीतून धाकट्याच्या वहीत उतरतो, आणि दर वर्षी नव्याने ‘छान’ असा शेरा मिळवतो.

चित्रकला शिकवण्याचा सरकारी इतिहास थोडक्यात उरकतो. सर जमशेटजी जिजीभाई यांच्या देणगीतून 1857 साली मुंबईत जे. जे. स्कूल सुरू झालं. 1865 साली लॉकवुड किपलिंग आणि जॉन ग्रिफिथ्स तिथे शिकवायला आले, ते लंडनच्या साउथ केन्सिंग्टनची शिस्त घेऊन. त्या शिस्तीत चित्रकलेच्या वीसेक पायऱ्या आखलेल्या होत्या. पहिली पायरी उपकरणांनी काढायच्या रेषांची, दुसरी छापील नमुना पाहून बाह्यरेषा उतरवण्याची. रंग बराच वर. हेतू कारखान्यांसाठी नक्षीकार घडवण्याचा होता, मुलाला व्यक्त होऊ देण्याचा नव्हता, आणि हे त्यांनी लपवलंही नाही. आज आपल्याकडे माध्यमिक शाळेतली मुलं एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षा देतात. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, कर्तव्यभूमिती आणि अक्षरलेखन ही त्यांतली विषयांची नावं ऐकली की केन्सिंग्टनचा वास येतो. याच परीक्षांतून पुढे गेलेले लोक कलाशिक्षक झाले आणि त्यांच्या हाताखालची मुलं पुढे प्राथमिक शिक्षक झाली.

नकलेला सरसकट शिव्या घालायला मात्र मी तयार नाही. याच जिल्ह्यात, अजिंठ्याला, ग्रिफिथ्स 1872 पासून जे. जे.चे विद्यार्थी घेऊन येत होते. भिंतीवरची चित्रं कॅनव्हासवर उतरवण्याचं ते काम 1885 पर्यंत चाललं. लंडनला पाठवलेल्या प्रतींपैकी कितीतरी तिथल्या आगीत जळाल्या. पण त्या पोरांनी अंधाऱ्या लेण्यांत बसून एकेका बोटाची वळणं पाहिली होती. तीही नक्कल, डोंगर-सूर्यही नक्कल. पहिलीत डोळे उघडे ठेवावे लागतात. दुसरी डोळे मिटूनही जमते.

आता ज्या वस्तूने मला खरं धरून ठेवलं, तिच्याकडे येतो. ती म्हणजे वर्णनात्मक नोंदींची वही. 2010 साली महाराष्ट्रात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं. कला, कार्यानुभव आणि शारीरिक शिक्षण यांची लेखी संकलित परीक्षा नाही, वर्षभर निरीक्षण करून आकारिक मूल्यमापन करायचं आणि प्रत्येक मुलाबद्दल शिक्षकाने चार शब्द लिहायचे. कागदावर याहून शहाणी कल्पना सापडणं कठीण. मुलाकडे बघा आणि जे दिसलं ते लिहा, एवढंच तर ती सांगते.

झालं असं, की या नोंदींचे तयार साचे निघाले. पुस्तिका निघाल्या, मग पीडीएफ निघाल्या, मग त्या व्हॉट्सॅपवर फिरू लागल्या. रंगकाम आवडीने करतो, मातीपासून विविध आकार बनवते, चित्रात नावीन्य दिसते. विषयाप्रमाणे वाक्यं रचून ठेवलेली, हवी ती उचलायची. ज्या मुलाने वर्षभर मातीला हात लावला नाही, त्याच्याही नावापुढे विविध आकार. म्हणजे मूल फळ्यावरून डोंगर उतरवतं आणि शिक्षक पीडीएफमधून ‘नावीन्य’ उतरवतो. मुलाकडे बघायची सक्ती करायला निघालेली वही न बघता भरता येऊ लागली. शिक्षकाला दोष देणं सोपं आहे. पण चार वर्ग, सगळे विषय आणि प्रत्येक मुलाच्या स्वतंत्र नोंदी एवढं ज्याच्या माथी आहे, त्याने दुसरं काय करावं?

बघून लिहिणारा एक शिक्षक महाराष्ट्रातच होऊन गेला. देवी प्रसाद. जन्म 1921, मूळचे डेहराडूनचे, शांतिनिकेतनात नंदलाल बोसांचे विद्यार्थी. 1944 साली ते सेवाग्रामला हिंदुस्तानी तालीमी संघाच्या शाळेत कलाशिक्षक म्हणून आले आणि 1962 पर्यंत तिथेच राहिले. शाळा नयी तालीमची. सूतकताई, शेती, सफाई हाच अभ्यासक्रम. चित्रकला त्यात कुठे बसते, असा प्रश्न तिथेही होताच. त्यांचं उत्तर असं, की मूल जे करतं त्या सगळ्याच्या तळाशी कला आहे, ती वेगळा तास लावून येत नाही. मुलाच्या चित्रावर मोठ्या माणसाचं माप लावायचं नाही आणि जवळच्या सामानातून काम करायचं, हे धरून ते वर्षानुवर्षं मुलांची चित्रं पाहत राहिले. त्यातून त्यांचं बालकलेवरचं लिखाण आलं. नंतरच्या इंग्रजी पुस्तकाच्या नावातच कलेला त्यांनी शिक्षणाचा पाया म्हटलं आहे. पुढे ते लंडनला युद्धविरोधी चळवळीचं काम पाहायला गेले, कुंभारकामात नाव मिळवलं आणि 2011 साली वारले. सेवाग्रामची नयी तालीमची आनंद निकेतन शाळा मध्यंतरी बंद पडली होती, ती 2005 साली मराठी माध्यमात पुन्हा सुरू झाली.

जवळच्या सामानाचं म्हणाल तर लासुराला सेवाग्रामचा हेवा करायचं कारण नाही. बाजार समितीच्या आवारात कांद्याची सालं वाऱ्यावर उडत असतात. ती पाण्यात उकळून गाळली की पिवळसर तपकिरी रंग मिळतो, तुरटी घातली तर पिवळा उजळतो, गंजके खिळे भिजवलेलं पाणी घातलं तर तोच रंग काळपट हिरव्याकडे जातो. हळदीला चुना लावला की लाल. गेरू आहे, चुलीची काजळी आहे, रंग कागदाला धरून राहावा म्हणून बाभळीचा डिंक रात्रभर भिजत घालायचा. ही चित्रकला आहे, रसायनशास्त्र आहे आणि, हल्ली ज्या शब्दाचा फार बोलबाला आहे ते, डिझाइनही आहे: हाताशी काय आहे, कशासाठी वापरायचं, फसलं तर काय बदलायचं. पोळ्याला मातीचे बैल करणाऱ्या, दारात ठिपके मोजून रांगोळी घालणाऱ्या घरांतल्या मुलांना हे परकं वाटायचं काही कारण नाही. बालभारतीच्या ‘खेळू, करू, शिकू’ या पुस्तकांनी कला, कार्यानुभव आणि खेळ एकत्र बांधले ते याच विचाराने.

पण मग हे करवून घेणारं माणूस कोण? शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टात कलाशिक्षणासाठी अंशकालीन निदेशकाची तरतूद आहे ती सहावी ते आठवीला, आणि तीही पट शंभराच्या वर असेल तर. पहिली ते पाचवीच्या रकान्यात तो नाहीच. साठपर्यंत पट असेल तर दोन शिक्षक, बस. दोघांत चार-पाच वर्ग, म्हणजे एक वर्ग शिकत असताना दुसऱ्याला कशात तरी गुंतवून ठेवावं लागतं. चित्र काढा, हे त्यासाठीचं सगळ्यात सोयीचं वाक्य. आपल्याकडे चित्रकलेचा तास म्हणून जो उरतो तो बहुतेक असा, शेजारच्या वर्गाची गणितं संपेपर्यंतचा. अशा वेळी डोंगर आणि सूर्य फार उपयोगी पडतात, कारण ते कोणालाही काही विचारावं न लागता पूर्ण होतात.

2021 साली निपुण भारत अभियान आलं. वाचन आणि संख्याज्ञान. त्याची गरज कोणी नाकारणार नाही. पण तपासणीला येणारा अधिकारी मुलाला उतारा वाचायला लावतो, वजाबाकी घालतो. कांद्याच्या सालीचा रंग का काळवंडला, हे विचारत नाही. जे विचारलं जात नाही त्याचा तास आधी कापला जातो. पैशांचंही तसंच. समग्र शिक्षाच्या निकषांत तीस ते शंभर पटाच्या शाळेला वर्षाला 25 हजारांचं संयुक्त अनुदान धरलं आहे. त्यात स्वच्छता, किरकोळ दुरुस्ती, वीजबिल, खडू, रजिस्टरं. रंगांसाठी वेगळा रकाना नाही, त्यामुळे रंग म्हणजे मुलाने घरून आणलेली तेलकट खडूंची पेटी, आणि ज्याच्याकडे ती नाही त्याचा सूर्य पेन्सिलीचा.

सालींचे रंग फुकट असले तरी त्यांना दोन दिवस लागतात, पातेलं लागतं, चूल किंवा शेगडी लागते, सांडलेलं पुसायला फडकं लागतं आणि शेजारच्या वर्गाला तेवढा वेळ सांभाळणारं माणूस लागतं. हे शेवटचं मिळत नाही, तोवर बाकीचं जमवून उपयोग नाही. बारावी झालेली, हाताला वळण असलेली एखादी गावातलीच मुलगी आठवड्यातून दोन दुपारी मानधनावर यावी, एवढ्यानेही पुष्कळ होईल. तिची नेमणूक कोणत्या नियमाखाली करायची आणि मानधन कोणत्या लेखाशीर्षातून काढायचं, याला मात्र प्राथमिक शाळेच्या कागदपत्रांत आज जागा नाही.