स्यमंतकाचा तपास

भाद्रपद शुद्ध चतुर्थीस चंद्रदर्शन करू नये, हा दंडक आपल्या घराघरांतून आजही पाळला जातो. पार्थिव गणेशाची प्राणप्रतिष्ठा झाली, एकवीस मोदकांचा नैवेद्य झाला, सायंकाळची आरती आटोपली, की वडीलधारी मंडळी मुलाबाळांना अंगणातून मान खाली घालून जावयास बजावतात. चुकून चंद्र दिसलाच, तर मिथ्या आळाचे निवारण व्हावे म्हणून स्यमंतक मण्याची कथा श्रवण करावी, असा संकेत आहे. गेली कित्येक वर्षे वऱ्हाडातील गावोगावच्या देवळांतून नारदाच्या गादीवर उभा राहून हे आख्यान मी लावीत आलो. परंतु ही कथा मूळची एका चोरीच्या तपासाची कथा आहे, ही गोष्ट माझ्या ध्यानी फार उशिरा आली. ती कशी आली, हेच आज वाचकांपुढे ठेवावयाचे आहे.

द्वारकेतील कुजबुज

श्रीमद्भागवताच्या दशमस्कंधात कथा अशी आहे : सूर्यनारायणाने सत्राजिताला स्यमंतक मणी दिला. तो नित्य आठ भार सुवर्ण प्रसवीत असे. हा मणी राजा उग्रसेनापाशी असावा, असे श्रीकृष्णाने सुचविले; सत्राजिताने मानले नाही. पुढे सत्राजिताचा भाऊ प्रसेन तो मणी गळ्यात घालून मृगयेस गेला आणि परतलाच नाही. मण्याची इच्छा कृष्णाने बोलून दाखविली होती. तेव्हा हे कृत्य त्याचेच, असा तर्क सत्राजिताने केला आणि तो कानोकानी द्वारकाभर पसरला.

आता भगवंताने काय केले पाहा. मनात आणले असते तर सुदर्शन फिरवून त्याने क्षणात सत्य प्रकट केले असते. त्याने तसे केले नाही. नगरातील प्रतिष्ठित नागरिक साक्षीला बरोबर घेतले आणि प्रसेन ज्या मार्गाने गेला, त्या मार्गाने माग काढीत तो अरण्यात शिरला. प्रथम प्रसेन व त्याचा घोडा मरून पडलेले आढळले. त्या सिंहाचा माग घेतला, तेव्हा डोंगराच्या उतारावर सिंहही मेलेला सापडला. तेथून अस्वलाची पावले निघाली, ती एका घोर गुहेच्या तोंडाशी संपली. नागरिकांना बाहेर थांबवून श्रीकृष्ण आत गेला. जांबवंताशी त्याचे अठ्ठावीस दिवस द्वंद्व चालले. मणी हाती आल्यावर भर राजसभेत सत्राजिताला बोलावून, तो कोठे आणि कसा मिळाला हे सर्वांसमक्ष सांगून, मग त्याच्या स्वाधीन केला.

आजच्या भाषेत बोलावयाचे, तर पंच आले, घटनास्थळाची पाहणी आली, पावलांचा माग आला, मुद्देमालाची जप्ती आली आणि तो न्यायसभेपुढे सादर होणेही आले. मात्र एका तपशिलाकडे आम्ही कथेकरी सहसा लक्ष वेधीत नाही. बाहेर थांबलेले नागरिक बाराव्या दिवशी कंटाळून घरी परतले. तपास पुरा व्हावयाला अठ्ठावीस दिवस लागले. लोकांचा धीर बाराच दिवस टिकला.

वेतन आणि रक्षण

प्रजेपासून राजाने उत्पन्नाचा सहावा भाग घ्यावा, तो कशाबद्दल? आपले धर्मशास्त्रकार सांगतात की तो रक्षणाबद्दल, म्हणजे राजाचे ते वेतनच होय. चोरीस गेलेले द्रव्य राजाने ज्याचे त्याला मिळवून द्यावे, असे मनु आणि याज्ञवल्क्य दोघेही बजावतात. कौटिल्य तर एक पाऊल पुढे टाकून, माल सापडत नसेल तर राजाने तो पदरचा भरून द्यावा, असा दंडक घालतो.

मात्र हे काम करणारी माणसे पोसावयाची कोणी? आमचे वाशीम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. १९३९ साली येथे उजेडात आलेल्या दुसऱ्या विंध्यशक्तीच्या ताम्रपटात, दान दिलेल्या गावाला ज्या सवलती दिल्या आहेत, त्यांत राजाच्या शिपायांनी गावात शिरू नये अशी एक आहे. फिरतीवरच्या अधिकाऱ्यांना खाट आणि शिजविलेले अन्न पुरविण्याची सक्ती नसावी, अशीही एक आहे. रक्षकांनी गावात न येणे हा गावावर अनुग्रह वाटावा, याचा अर्थ काय? राजाची माणसे रयतेच्या ताटावर पोसली जात, तेव्हा रयतेला चोराइतकेच त्यांचेही भय वाटे. रक्षणाचा खर्च भांडारातून पुरा झाला नाही, तर तो दुसऱ्या कोणत्या तरी वाटेने प्रजेच्या घरातूनच वसूल होतो, हा धडा सुमारे सोळाशे वर्षांपूर्वीच्या त्या पत्र्यांवर कोरलेला आहे.

कालिदासही हेच दाखवितो. शाकुंतलाच्या सहाव्या अंकात राजमुद्रिका सापडलेल्या कोळ्याला शिपाई बडवितात, मृत्यूचा धाक घालतात. आणि राजाने त्यालाच पारितोषिक दिले, असे कळताच त्यातील अर्धे पदरात पाडून त्याच्याचबरोबर मद्यपानाला निघतात. प्रेक्षक हसतात, पण कवीने त्या हसण्यात एक वेदना ठेवली आहे.

ठाण्याची आजची स्थिती

१ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा निघालेला आमचा जिल्हा सहा तालुक्यांचा. २०११ च्या शिरगणतीत लोकसंख्या सुमारे बारा लक्ष भरली. २०१८ मध्ये केंद्र सरकारने देशातील जे आकांक्षित जिल्हे निवडले, त्यांत वाशीमचे नाव आहे. तेव्हा येथे भांडाराची स्थिती काय असावी, हे वेगळे सांगावयास नको. उत्सवांची मात्र येथे वाण नाही. आषाढवारीसाठी शेगावहून निघालेली श्रीगजानन महाराजांची पालखी रिसोडवरून पुढे जाते, रामनवमीला पोहरादेवीस बंजारा बांधवांचा सागर लोटतो, श्रीनृसिंहसरस्वतींच्या जन्मस्थानी कारंज्यात वर्षभर भाविकांची रीघ असते. पोळा, गणपती, नवरात्र तर गावोगाव. प्रत्येक ठिकाणी बंदोबस्त हवा, आणि बंदोबस्तासाठी माणूस येतो तो तपासावरचाच.

संपूर्ण देशाचा विचार केला, तर १ जानेवारी २०२० रोजी लाख लोकसंख्येमागे मंजूर पोलीस सुमारे १९५ होते. प्रत्यक्ष कामावर सुमारे १५६. म्हणजे पाच जागांपैकी एक रिकामी. सर्वोच्च न्यायालयाने २२ सप्टेंबर २००६ रोजी प्रकाश सिंह खटल्यात तपासाचे काम आणि शांतता-सुव्यवस्थेचे काम परस्परांपासून वेगळे करावे, असा आदेश दिला. परंतु त्याचा आरंभ दहा लक्ष वा अधिक वस्तीच्या शहरांपासून करावयाचा होता आणि लहान शहरांकडे मागाहून वळावयाचे होते. ज्या जिल्ह्याची सारी वस्तीच बारा लक्ष, तेथील ठाण्याला अशा रांगेत उभे राहून वाटच पाहावी लागते.

१ जुलै २०२४ पासून नवी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली. सात वर्षे वा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायसहायक विज्ञानाच्या तज्ज्ञाने घटनास्थळी जाऊन पुरावा गोळा केला पाहिजे, असे तिने ठरविले आणि राज्यांना सिद्धतेसाठी पाच वर्षांची मुदत दिली. उद्देश उत्तम आहे. परंतु तज्ज्ञ, वाहन, इंधन आणि प्रयोगशाळेतील मनुष्यबळ ही सारी कायद्याच्या कागदातून उगवत नाहीत. त्यांना द्रव्य लागते.

दिवेआगरचा गणेश

तपासाला अवधी आणि साधने मिळाली तर काय घडते, याचे उदाहरण गणेशभक्तांच्या परिचयाचे आहे. रायगड जिल्ह्यातील दिवेआगर येथे १७ नोव्हेंबर १९९७ रोजी बागेत ताम्रपेटी सापडली आणि तीत सुवर्णगणेशाचा मुखवटा निघाला. २४ मार्च २०१२ च्या रात्री दरोडेखोरांनी दोन पहारेकऱ्यांचे प्राण घेऊन तो पळविला. पोलिसांनी गुन्हेगार शोधले. मुखवटा मात्र वितळविला गेला होता, सोने तेवढे हाती आले. ऑक्टोबर २०१७ मध्ये अलिबागच्या विशेष न्यायालयाने दोषींना शिक्षा ठोठावल्या आणि २३ नोव्हेंबर २०२१ रोजी, अंगारकी संकष्टीच्या दिवशी, नव्या मुखवट्याची पुनःस्थापना झाली. साडेनऊ वर्षांनी देव घरी आला. गेलेले दोन जीव मात्र परतले नाहीत.

माझा अपराध

प्रत्येक खेड्यातील देवाच्या भाळी हे भाग्य नसते. काही वर्षांपूर्वी आमच्या भागातील एका लहान गावी देवाचा चांदीचा मुकुट आणि प्रभावळ चोरीस गेली. पहाटे गुरव काकडआरतीस आला तो कुलूप तुटलेले. अर्ध्या घटकेत सारे गाव गाभाऱ्यात शिरले. देवाला विटाळ झाला म्हणून पोलीस येण्यापूर्वीच गोमूत्र शिंपून गाभारा धुऊन काढला. श्रीकृष्ण ज्या पावलांच्या आधारे गुहेपर्यंत पोहोचला, ती पावले आम्ही आमच्या हातांनी पुसून टाकली.

तपास एका जमादाराकडे आला. दिवस गणपतीचे होते. चार दिवसांत त्याला बंदोबस्तावर जावे लागले. मागाहून एका आकस्मिक मृत्यूची चौकशी आली, न्यायालयाची समन्से आली, आरोपीला तारखेवर नेणे आले. मला तो एकदा म्हणाला, "महाराज, चोर एका दिशेने पळतो, मी सात दिशांनी पळतो. तो मला कसा सापडावा?" कालांतराने ते प्रकरण 'अ' समरीत गेले, गुन्हा खरा, पण उघडकीस न आलेला, असा त्याचा अर्थ.

चोर सापडला नाही की गाव स्वतःच चोर शोधून काढते. किल्ली गुरवाकडे, तेव्हा संशय गुरवावर. त्याच सुमारास त्या देवळात माझे कीर्तन होते. मी स्यमंतकाचेच आख्यान लावले आणि ओघात बोलून गेलो की देवाच्या दाराशी वावरणाऱ्यांनी हात स्वच्छ ठेवावेत. सभेच्या साऱ्या माना टाळ धरून बसलेल्या त्या गुरवाकडे वळल्या. मिथ्या आळाच्या निवारणाची कथा सांगता सांगता मीच एकावर आळ घातला. पुढच्या वर्षी त्याने पूजेची पाळी भावाकडे सोपविली आणि तो मुलांना घेऊन परगावी मजुरीस गेला. त्याच्याविरुद्ध पुरावा तेव्हाही नव्हता, आजही नाही. आणि तो निर्दोष होता, असे छातीठोकपणे सांगणाराही कोणी उरला नाही, कारण तसे सांगू शकणारा एकच असतो, पुरा झालेला तपास.

अनुत्तरित गुन्ह्याची खरी किंमत येथे आहे. मुकुट पुन्हा घडविता येतो. गावाने काढून घेतलेली अब्रू कोणता सोनार घडविणार? श्रीकृष्ण देव होता, म्हणून आपला आळ आपणच धुऊन काढण्यास अरण्यात जाऊ शकला. गरीब गुरवाच्या वतीने अरण्यात जाण्यासाठीच प्रजेने राज्यसंस्था उभी केली आहे.

आपले कर्तव्य

म्हणून भाविक वाचकहो, यंदाच्या चतुर्थीला काही गोष्टी मनावर घ्याव्यात. देवाच्या अलंकारांची वजन आणि छायाचित्रांसह नोंदवही ठेवावी. चोरी झालीच, तर पोलीस येईतो गाभाऱ्यात पाऊल टाकू नये. शुद्धी मागाहूनही होते. गणेश मंडळांनी आपले स्वयंसेवक शिस्तीने उभे करून बंदोबस्ताचा भार हलका करावा, म्हणजे एखादा जमादार आपल्या तपासाकडे परतू शकेल. आणि लोकप्रतिनिधी आरतीला आले की रस्ता, सभामंडप यांच्याबरोबर एक प्रश्न अवश्य विचारावा : आमच्या ठाण्यात मंजूर जागा किती, भरलेल्या किती, आणि तपासासाठी वाहन आहे काय? देवळाला कळस मागणाऱ्या हातांनी ठाण्याला माणूस मागण्यात कमीपणा नाही.

स्यमंतकाचे आख्यान मी आजही लावतो. आता मात्र बाराव्या दिवशी परतलेल्या नागरिकांपाशी थांबतो आणि त्या गुरवाची गोष्ट, नाव न घेता, माझ्या अपराधासह सांगतो. त्याच्या कानी ती कधी पडेल की नाही, हे तो गजानन जाणे. आपणा सर्वांवरील मिथ्या आळ त्या विघ्नहर्त्याने दूर करावा आणि आपल्या मुखातून कोणावरही तो न येवो, हीच त्याच्या चरणी प्रार्थना.