अक्षरांची किल्ली कोणाकडे?

इंग्रजीतल्या ‘फ्री’ या शब्दात फुकट आणि मुक्त असे दोन अर्थ एकत्र नांदतात. मराठीत त्यांसाठी दोन स्वतंत्र शब्द आहेत, आणि प्रस्तुत विषयात हा भेद कळीचा आहे. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये ‘ग्नू’ प्रकल्प जाहीर केला, तेव्हा त्यांचा भर किमतीवर नव्हता. आज्ञावली कोणत्याही कामासाठी वापरणे, तिची आतली रचना अभ्यासून बदलणे, तिच्या प्रती वाटणे आणि सुधारलेल्या प्रतीही वाटणे, ही चार स्वातंत्र्ये ज्यात असतील ते मुक्त सॉफ्टवेअर.

मराठी मजकुराचा या स्वातंत्र्याशी थेट संबंध आहे. १९०९ साली काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी काढलेला ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक हाती आला, तर आजही सहज वाचता येतो. संगणकावर जुळवलेल्या पहिल्या पिढीतल्या अनेक अंकांच्या फायलींबाबत मात्र तशी खात्री नाही. त्या काळचे बहुतेक मराठी फॉन्ट रोमन अक्षरांच्या जागांवर देवनागरी आकार बसवीत. फाइलमध्ये साठे रोमन ‘डी’, पडद्यावर दिसे ‘क’. प्रत्येक कंपनीची मांडणी वेगळी होती. तो विशिष्ट फॉन्ट नसला की अख्खी कादंबरी म्हणजे निरर्थक चिन्हांची रांग. मजकूर लेखकाचा, पण तो उघडण्याची किल्ली दुसऱ्याच्या खिशात, अशी ही स्थिती होती.

युनिकोडने प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक दिला. १९९१च्या पहिल्या आवृत्तीतच देवनागरी होती. पण क्रमांकाने काम संपत नाही. ‘कि’ साठवताना आधी ‘क’, मग वेलांटी; छापताना वेलांटी आधी यावी लागते. ‘आचार्यांना’ म्हणजे गुरूंना आणि ‘आचाऱ्यांना’ म्हणजे स्वयंपाक्यांना, हा फरक केवळ रफार आणि अर्ध्या चंद्रासारखा ‘र’ यांच्यावर तोललेला आहे. ही जुळणी करणारी ‘हार्फबझ’ नावाची आज्ञावली मुक्त आहे. लिबरऑफिस, इंकस्केप, स्क्रायबस आणि चित्रांसाठीचे गिंप ही सारी तिचाच आधार घेतात. त्यामुळे तिच्यात झालेली एक दुरुस्ती या सगळ्यांपर्यंत पोहोचू शकते.

दस्तऐवजाच्या बाजूला सर्वांत जुने उदाहरण ‘टेक’चे. आपल्या ग्रंथाच्या नव्या आवृत्तीची मुद्रिते पाहून नाराज झालेल्या डोनाल्ड क्नूथ यांनी १९७७ मध्ये ते रचायला घेतले. फ्रान्स वेल्थुईस यांनी १९९१ मध्ये त्यात देवनागरीची सोय केली. पुढे जोनाथन क्यू यांच्या ‘झीटेक’मुळे युनिकोड मजकूर थेट वापरता येऊ लागला. टेकची फाइल साधा मजकूर असते, म्हणून ती कोणत्याही संपादकात उघडते. लिबरऑफिसची ओडीएफ ही फाइलरचनाही २००६ पासून आंतरराष्ट्रीय मानक आहे. तिचा तपशील जाहीर असल्याने ती वाचणारी नवी आज्ञावली कोणीही लिहू शकतो.

चित्रांसाठीचे गिंप १९९५ मध्ये बर्कलीच्या स्पेन्सर किंबल आणि पीटर मॅटिस या विद्यार्थ्यांनी सुरू केले. जुन्या मुखपृष्ठाचे काम त्यात असे होते: मूळ चित्र निदान ३०० डीपीआयने स्कॅन करून ती प्रत बाजूला ठेवावी, दुसऱ्या प्रतीवर ‘लेव्हल्स’ने पिवळटपणा कमी करावा, घडीच्या रेषा ‘क्लोन’ किंवा ‘हील’ने बुजवाव्यात. काम गिंपच्या स्वतःच्या एक्ससीएफ रूपात साठवावे, म्हणजे थर शाबूत राहतात. जेपीजी दर वेळी साठवताना थोडा तपशील गमावते, म्हणून ते शेवटीच काढावे.

मर्यादाही आहेत. गिंप मुळात पडद्याच्या आरजीबी रंगांत काम करते. छापखान्याला चार शाईंची सीएमवायके विभागणी लागते. त्यासाठी पानांची मांडणी स्क्रायबसमध्ये करून तिथून पीडीएफ काढणे सोयीचे पडते. छापखान्याला नेहमीच्याच आज्ञावलीची मूळ फाइल हवी असेल, तर आधी बोलून घ्यावे लागते. शिकण्यात जाणारा वेळ हाही खर्चच आहे.

जुन्या फायली युनिकोडमध्ये आणताना परिवर्तक बरेचसे काम करतो, पण रफार, जोडाक्षरे आणि अनुस्वार डोळ्यांनीच तपासावे लागतात. हे मुद्रितशोधन जुना फॉन्ट आणि जुना संगणक चालू आहे तोवरच नीट होते, कारण मूळ पान कसे दिसत होते ते ताडून पाहता येते. ज्यांच्या कपाटात अशा सीडी पडून आहेत, त्या संपादकांनी आणि लेखकांच्या वारसांनी हे काम पुढच्या दिवाळीवर ढकलू नये.