वाडा परदेशातला, वाटणी घरातली
फ्रान्सच्या ग्रामीण भागातील ऐतिहासिक वास्तू विकत घेताना

नॉर्मंडीच्या दक्षिण सीमेवर पेर्श नावाचा टेकड्यांचा, कुरणांचा आणि ओक वृक्षांचा प्रदेश आहे. तेथे गावाबाहेर, एखाद्या वाटेच्या शेवटी, पंधराव्या-सोळाव्या शतकातील दगडी वाडे आजही उभे दिसतात. निमुळत्या छपराचा गोल मनोरा, त्याच्या पोटातून वर चढणारा दगडी जिना, बाजूला गोठे आणि धान्याची कोठारे असे त्यांचे रूप असते. फ्रेंच लोक अशा वास्तूस ‘मानुआर’ म्हणतात. राजवाड्याचा डामडौल तिला नसतो. गावच्या लहान सरदाराचे ते घर, आपल्याकडील देशमुखांच्या गढीशी नाते सांगणारे.

जवळच्या बाजारगावी मालमत्ता-दलालाच्या काचेत अशा वाड्याचे छायाचित्र लावलेले असते. त्याखालची किंमत वाचून मुंबईचा पाहुणा थबकतो. दक्षिण मुंबईतील एका चांगल्या सदनिकेच्या मोलात येथे दहा-बारा दालने, बाग, तळे आणि रानाचा तुकडा मिळतो. अँटवर्पच्या हिरेबाजारात ज्यांचे आप्त स्थिरावले आहेत, त्यांना तर हा प्रदेश एका दिवसाच्या मोटारप्रवासात गाठता येतो. मोह होणे स्वाभाविक आहे. परंतु पेढीवर वाढलेला माणूस स्वस्त मालासमोर उभा राहिला की आधी एकच गोष्ट विचारतो : विकणारा का विकतो आहे?

विकणारा का विकतो?

फ्रेंच राज्यक्रांतीने थोरल्या मुलाचा अग्रहक्क मोडला आणि १८०४ च्या नागरी संहितेने सर्व अपत्यांचा वारसा पक्का केला. आई-वडिलांना मुलांचा हिस्सा मृत्युपत्रानेही डावलता येत नाही. एक अपत्य असल्यास निम्मी, दोन असल्यास दोन-तृतीयांश आणि तीन किंवा अधिक असल्यास तीन-चतुर्थांश मालमत्ता मुलांसाठी राखीव असते. न्यायाच्या दृष्टीने ही व्यवस्था उत्तम आहे. वाड्याच्या दृष्टीने मात्र ती कठीण ठरते.

वडील जातात आणि वाडा चार भावंडांच्या सामाईक मालकीत येतो. एक पॅरिसला, दुसरा लियॉंला, तिसरी परदेशात. छप्पर गळू लागते, तेव्हा वर्गणी कोणी किती द्यावी यावरून पत्रव्यवहार सुरू होतो. पुढच्या पिढीत चारांचे अकरा हिस्सेदार होतात. सामाईक मालकीत राहण्याची सक्ती कोणावरही करता येत नाही, असे तेथील कायदा सांगतो. एकाने हिस्सा मागितला की वाटणी करावीच लागते. दगडी जिन्याची वाटणी करता येत नाही. म्हणून वाडा बाजारात येतो.

दुसरे कारण देखभालीचे. एका ब्रिटिश दूरचित्रवाणी मालिकेमुळे प्रसिद्ध झालेला मायेन प्रांतातील ‘शातो द ला मोत-ह्युसों’ हे त्याचे बोलके उदाहरण आहे. डिक स्ट्रॉब्रिज आणि एंजल अडोरी या दांपत्याने ही पंचेचाळीस दालनांची वास्तू २०१५ मध्ये २ लाख ८० हजार पौंडांना घेतली. त्या वेळी तेथे वापरण्याजोगी वीज, पाणी, उष्णता वा सांडपाण्याची सोय नव्हती. खरेदीचा आकडा लहान होता, कारण उरलेला हिशेब पुढच्या अनेक वर्षांच्या खात्यात लिहिलेला होता.

साठेखत ते खरेदीखत

परदेशी नागरिकाने फ्रान्समध्ये घर घेण्यास कायद्याची आडकाठी नाही. व्यवहार ‘नोतेर’ या शासननियुक्त विधी अधिकाऱ्यामार्फतच पूर्ण होतो. तो मालकीची साखळी, बोजे आणि वहिवाटीचे हक्क तपासतो. खरेदीदाराला स्वतःचा वेगळा नोतेरही नेमता येतो. दोघे असले तरी ठरलेले शुल्क ते आपसांत वाटून घेतात, त्यामुळे खर्च वाढत नाही. मात्र जुन्या वास्तूच्या खरेदीवर किमतीच्या साधारण ७ ते ८ टक्के रक्कम वर लागते. तिला लोक ‘नोतेरचा खर्च’ म्हणत असले तरी तिचा मोठा भाग मुद्रांक शुल्कासारख्या करांचा असतो.

प्रथम साठेखत होते. त्या वेळी ५ ते १० टक्के विसार नोतेरच्या खात्यात ठेवला जातो. त्यानंतर खरेदीदाराला दहा दिवसांची मुदत मिळते. या काळात कोणतेही कारण न देता माघार घेता येते आणि विसार परत मिळतो. ही मुदत संपल्यावर मात्र शब्द फिरवणे महाग पडते. साठेखतानंतर खरेदीखत होण्यास सामान्यतः तीन महिने जातात. सोबत शेतजमीन असेल तर ‘साफेर’ या ग्रामीण भूमिसंस्थेला दोन महिन्यांत पहिल्या खरेदीचा हक्क बजावता येतो.

विक्रेत्याने शिसे, ॲस्बेस्टॉस, वीजव्यवस्था आणि ऊर्जावापर यांचे तपासणी अहवाल द्यावे लागतात. काही भागांत वाळवीचा अहवालही सक्तीचा आहे. गावाच्या गटारयोजनेशी घर जोडलेले नसेल आणि शोषटाकी नियमबाह्य ठरली असेल, तर खरेदीनंतर एका वर्षात ती सुधारण्याची जबाबदारी नव्या मालकावर येते. हे अहवाल वाचून निर्धास्त होणारे पुष्कळ फसतात, कारण छप्पर, तुळया आणि भिंतींचा पाया यांची तपासणी त्यांत नसते. जुन्या इमारतींचा अनुभव असलेला वास्तुविशारद स्वखर्चाने नेऊन छपराखालची लाकडे पाहून घेणे, हा त्या व्यवहारातील सर्वांत सत्कारणी लागणारा खर्च होय.

भिंत मालकाची, दर्शन गावाचे

३१ डिसेंबर १९१३ च्या कायद्याने फ्रान्समध्ये ऐतिहासिक स्मारकांना संरक्षण दिले. अशा सुमारे ४५ हजार संरक्षित वास्तूंपैकी मोठा वाटा खासगी मालकीचा आहे. वरच्या वर्गातील वास्तूत परवानगीविना खिडकीची चौकटही बदलता येत नाही. घर स्वतः संरक्षित नसले, तरी गावातील जुने चर्च स्मारक असल्यास त्याच्या ५०० मीटर परिसरातील बाह्य बदलांसाठी शासकीय वास्तुविशारदाचे मत घ्यावे लागते. सिमेंटऐवजी चुना, प्लॅस्टिकऐवजी लाकूड, पत्र्याऐवजी पाटीचा दगड असा आग्रह तेथे धरला जातो. काही कामांना अनुदान मिळते, परंतु हिशेब त्याच्या भरवशावर मांडू नये.

रानातील हक्क

अहिंसेचे संस्कार घेऊन वाढलेल्या कुटुंबाने एक गोष्ट साठेखतापूर्वी अवश्य विचारावी. अनेक मानुआरांच्या अंगणात गोल कबुतरखाना दिसतो. आपल्याकडील दाणे टाकण्याच्या चबुतऱ्याशी त्याचे साम्य केवळ वरवरचे आहे. तेथे कबुतरे मांसासाठी आणि खतासाठी पाळली जात. ती बाळगण्याचा अधिकार सरदारांचा होता आणि त्यांची कबुतरे शेतकऱ्यांचे पेरलेले धान्य खात. ४ ऑगस्ट १७८९ च्या रात्री राष्ट्रीय सभेने हा विशेषाधिकार रद्द केला, त्याच रात्री शिकारीचा विशेषाधिकारही गेला.

पुढे १९६४ च्या कायद्याने अनेक गावांत लहान मालकांच्या जमिनी एकत्र करून त्यांवर शिकारीचा हक्क गावच्या शिकार मंडळास दिला. घराभोवतीचा १५० मीटरचा परिसर त्यातून वगळलेला असतो, पण पलीकडचे रान मालकाच्या इच्छेविरुद्धही मंडळाकडे जाई. शिकारीस विरोध असणाऱ्या काही लहान शेतकऱ्यांनी ही सक्ती स्ट्रासबर्गच्या मानवी हक्क न्यायालयात नेली आणि १९९९ मध्ये ते जिंकले. २००० सालच्या दुरुस्तीने, मनोधारणेमुळे शिकार अमान्य असणाऱ्या मालकाला आपली जमीन बाहेर काढण्याचा हक्क मिळाला.

हा हक्क आपोआप लागू होत नाही. मंडळाच्या पाच वर्षांच्या कालखंडाच्या अखेरीस, सहा महिने आधी लेखी सूचना देऊन तो बजावावा लागतो. आधीच्या मालकाने विरोध नोंदवलेला असेल, तर नव्या मालकाने तो सहा महिन्यांत कायम ठेवावा लागतो, अन्यथा रान पुन्हा मंडळाकडे जाते. सीमेवर मनाईचे फलक लावणे हेही मालकाचे काम. शरद ऋतूतील एका सकाळी आपल्याच ओकांखाली बंदुकीचा आवाज ऐकण्यापेक्षा ही विचारणा आधी झालेली बरी.

भारतातील बाजू

रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत प्रेषण योजनेखाली निवासी भारतीय व्यक्तीला एका आर्थिक वर्षात अडीच लाख अमेरिकन डॉलर परदेशी पाठवता येतात आणि त्यांतून तेथे घर घेता येते. नातलगांना आपापल्या मर्यादा एकत्र करता येतात. परंतु ही सवलत व्यक्तीची आहे. भागीदारी पेढी, कंपनी, न्यास किंवा हिंदू अविभक्त कुटुंब यांना ती नाही. व्यापारी घराण्यांत घरचा पैसा आणि पेढीचा पैसा यांची सीमा पुसट असते, आणि चूक नेमकी तेथेच होते. पुढे दरवर्षी विवरणपत्राच्या परदेशी मालमत्तेच्या परिशिष्टात वाड्याची नोंद करावी लागते. ती लपवल्यास २०१५ च्या काळा पैसा कायद्याखाली दहा लाख रुपयांचा दंड होऊ शकतो.

मालकीमुळे वास्तव्याचा परवाना मिळतो, हाही गैरसमजच. अल्पमुदतीच्या व्हिसावर कोणत्याही १८० दिवसांत फार तर ९० दिवस राहता येते. ब्रेक्झिटनंतर, २०२१ पासून, दोर्दोन्यमध्ये घरे असलेल्या ब्रिटिशांनाही हीच नव्वद दिवसांची मर्यादा लागू झाली. उरलेल्या महिन्यांत बंद घराला ओल लागते, आणि नॉर्मंडीसारख्या दमट भागात लाकूड खाणारी बुरशी मालकाच्या परतण्याची वाट पाहत नाही. रखवालदार, माळी, विमा, जमीन-कर आणि दुय्यम घरावरील निवास-कर हे खर्च मालक तेथे असो वा नसो चालूच राहतात.

सही करण्यापूर्वीची बैठक

भारतात मृत्युकर १९८५ मध्ये रद्द झाला, त्यामुळे आपल्या कुटुंबांना वारशावरील कराची सवय उरलेली नाही. फ्रान्समधील घरावर मात्र मालक कोठेही वारला तरी तेथील वारसाकर लागतो. पती-पत्नींना तो माफ आहे. प्रत्येक अपत्याला प्रत्येक पालकामागे एक लाख युरोंची सूट आहे, त्यापुढे कराचे दर ५ टक्क्यांपासून ४५ टक्क्यांपर्यंत चढत जातात. मालकाचा मृत्यू फ्रान्सबाहेर झाल्यास वारसांनी एका वर्षात विवरण द्यायचे असते. हयातीत उपभोगाचा हक्क स्वतःकडे ठेवून मालकी मुलांच्या नावे करणे, किंवा कौटुंबिक मालमत्ता-कंपनीमार्फत घर घेणे, असे मार्ग तेथे रूढ आहेत. कंपनीचा मार्ग धरला तर भारतात परकीय गुंतवणुकीचे वेगळे नियम लागू होतात. म्हणून दोन्ही देशांतील सल्लागारांना एकत्र बसवल्यावाचून तो निवडू नये.

सल्लागार मालकीची रचना सांगतील, मुलांची इच्छा सांगू शकणार नाहीत. साठेखतानंतरचे दहा दिवस कायद्याने दिले आहेत ते विचारासाठी. त्यांतील एका संध्याकाळी सर्व मुले, सुना, जावई यांना बसवून वाड्याचे छायाचित्र नव्हे, तर छपराच्या दुरुस्तीचे अंदाजपत्रक समोर ठेवावे, आणि आई-वडील नसतील तेव्हा हे कोण भरील, असे प्रत्येकास विचारावे. एकानेही मनापासून ‘मी’ म्हटले, तर सही करण्यास हरकत नाही. सगळे एकमेकांकडे पाहू लागले, तर ज्या भावंडांनी तो वाडा विकायला काढला, त्यांचीच पुढची पिढी आपल्या घरात बसली आहे, हे ओळखून विसार परत मागावा.