हाताला अनुभव आहे. कागदावर आहे का?

परवाच्या रविवारी विहारात वंदना झाली, मुलं बाहेर पळाली आणि एक ताई प्लास्टिकची पिशवी घेऊन माझ्या शेजारी येऊन बसली. पिशवीत दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, जीएनएमचा डिप्लोमा, नर्सिंग कौन्सिलची नोंदणी आणि एका खासगी प्रसूतिगृहाचा दाखला होता. ताईचं वय एक्केचाळीस. त्यातली सतरा वर्षं लेबर रूममध्ये गेलेली.

"मॅडम, एजंट म्हणतो लंडनला मिडवाइफ म्हणून लावतो. तीन लाख मागतोय, निम्मे आधी. बचत गटातून उचलू का?"

मी म्हटलं, पैसे नंतर. आधी तो दाखला मोठ्याने वाच. तिने वाचला. सदर बाई आमच्याकडे स्टाफ नर्स म्हणून कामाला होत्या, वर्तणूक चांगली होती. संपलं. रात्री दोन वाजता डॉक्टर घरी असताना तिने एकटीने किती बाळंतपणं केली, किती बायांचा रक्तस्राव डॉक्टर येईपर्यंत थोपवून धरला, न रडलेल्या किती बाळांना श्वास दिला, यातलं एक अक्षरही त्यात नव्हतं.

मला हे लगेच दिसलं, कारण माझाही दाखला असाच होता. अठ्ठावीस वर्षांची असताना मी आखाती देशातल्या नोकरीच्या मुलाखतीला गेले होते. समोरच्या बाईंनी विचारलं, लेबर रूमचा अनुभव कुठे लिहिलाय? मी तोंडाने सांगत राहिले, त्या कागद उलटत राहिल्या. नोकरी मिळाली नाही. म्हणून हा लेख. आपल्या वस्त्यांमध्ये जीएनएम, एएनएम झालेल्या पुष्कळ लेकी-सुना आहेत. त्यांच्यापैकी कुणी बाहेर जायचं म्हणत असेल, तर घरातल्या सगळ्यांनी हे वाचावं.

तिकडे नर्स वेगळी, मिडवाइफ वेगळी

आपल्याकडे जीएनएम पास झालं की कौन्सिल एकदमच दोन नोंदण्या देते: नोंदणीकृत परिचारिका आणि नोंदणीकृत प्रसाविका. म्हणून आपण स्वतःला नर्स-मिडवाइफ म्हणतो, आणि ते बरोबरच आहे. पण बऱ्याच देशांत हे दोन स्वतंत्र व्यवसाय आहेत. ब्रिटनमध्ये नर्सिंग अँड मिडवाइफरी कौन्सिल एकच असली तरी नर्सची नोंद वेगळी, मिडवाइफची वेगळी. अर्ज वेगळा, परीक्षाही वेगळी. नर्स म्हणून नोंद झाली म्हणून तिथे बाळंतपण करता येत नाही. तसं करणं कायद्याने गुन्हा ठरू शकतो. तिथली मिडवाइफ गरोदरपणापासून बाळंतपणानंतरच्या भेटींपर्यंत सगळी काळजी स्वतःच्या जबाबदारीवर घेते. सगळं सुरळीत असेल तर डॉक्टर मध्ये येतही नाही.

जर्मनीत तर कायदाच आहे की प्रत्येक बाळंतपणाला मिडवाइफ हजर हवी. त्यांच्या भाषेत तिला 'हेबामे' म्हणतात. २०२० पासून तिचं शिक्षण विद्यापीठात होतं. युरोपीय संघाच्या नियमात मिडवाइफचं पूर्ण वेळ शिक्षण किमान तीन वर्षांचं आहे. आधी नर्स झालेल्या बाईलाही त्यावर निदान दीड वर्ष वेगळं शिकावं लागतं. शिकताना चाळीसच्या आसपास बाळंतपणं स्वतः करावी लागतात. या मापाने आपल्या जीएनएममधला प्रसूतिशास्त्राचा भाग काही महिन्यांचाच भरतो. आपलं काम कमी पडत नाही, शिक्षणाचे कागदावरचे तास कमी पडतात.

याचा व्यवहारातला अर्थ असा: भारतातून जाणाऱ्या बहुतेक जणी नर्स म्हणून जातात आणि नर्स म्हणूनच काम करतात. मेडिसिनच्या वॉर्डात, म्हाताऱ्यांच्या वॉर्डात, ऑपरेशन थिएटरमध्ये. तुमची सतरा वर्षं लेबर रूमची असली तरी. हे आधी कळलं तर निर्णय डोळे उघडे ठेवून घेता येतो. एजंटने 'मिडवाइफ' हा शब्द वापरला तर त्याला एकच विचारा: कोणत्या कौन्सिलच्या कोणत्या नोंदीवर माझं नाव लागणार? उत्तर लेखी घ्या.

मिडवाइफ म्हणूनच पुढे जायचं असेल तर आपल्या देशातही एक वाट निघाली आहे. केंद्र सरकारने २०१८ मध्ये मिडवाइफरी सेवांची मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यात नर्स झालेल्या बाईसाठी 'नर्स प्रॅक्टिशनर इन मिडवाइफरी' हे अठरा महिन्यांचं प्रशिक्षण आहे, आणि ते आंतरराष्ट्रीय मापदंड समोर ठेवून आखलेलं आहे. सरकारी सेवेतल्या भगिनींनी आपल्या जिल्हा रुग्णालयात याची चौकशी जरूर करावी.

कोणत्या देशाला काय लागतं

ब्रिटन: इंग्रजीची परीक्षा द्यावी लागते. आयईएलटीएस दिली तर वाचणं, ऐकणं, बोलणं यांत प्रत्येकी ७ आणि लिहिण्यात ६.५ गुण हवेत. ओईटी ही आरोग्य कर्मचाऱ्यांसाठीची परीक्षा आहे. तिच्यात तीन भागांत बी आणि लिहिण्यात सी प्लस हवा. बऱ्याच नर्सना ओईटी जवळची वाटते, कारण तिच्यात रुग्णाशी बोलायचं असतं आणि डिस्चार्जसारखं पत्र लिहायचं असतं. मग संगणकावरची सीबीटी, ती भारतात देता येते. शेवटी हाताने करून दाखवायची ओएससीई, ती ब्रिटनमध्ये जाऊनच. या शेवटच्या परीक्षेची फी सुमारे ८०० पौंड आहे. ती मालक भरणार की तुम्ही, हे करारात पाहा.

आखाती देश: सौदी, दुबई, अबू धाबी, कतार अशा प्रत्येक ठिकाणचं परवाना खातं वेगळं. बहुतेक ठिकाणी दोन गोष्टी असतात: संगणकावरची परीक्षा आणि डेटाफ्लो. डेटाफ्लो म्हणजे तुमचं कॉलेज, कौन्सिल आणि हॉस्पिटल यांना परस्पर विचारून कागद खरे आहेत का ते तपासणं. इथे खोटा दाखला पकडला जातो आणि पुढची दारं बंद होतात. "अनुभवाचं लेटर मी बनवून देतो" म्हणणाऱ्यापासून चार हात लांब राहा.

जर्मनी: तिथे भाषा हाच मोठा डोंगर. नर्स म्हणून पूर्ण मान्यतेसाठी साधारण बी-२ पातळीपर्यंत जर्मन लागतं, म्हणजे घर-ड्यूटी सांभाळून वर्ष-दीड वर्षाचा अभ्यास. महाराष्ट्र शासनाने २०२४ मध्ये जर्मनीच्या बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला आहे. केरळमध्ये तिथल्या शासनाची नॉर्का रूट्स ही संस्था 'ट्रिपल विन' योजनेतून नर्सना पाठवते आणि उमेदवाराकडून त्याचे पैसे घेत नाही. सरकारी मार्ग असताना तीन लाख कशाला, हा प्रश्न स्वतःला विचारा.

एएनएम झालेल्या भगिनींना एक वेगळी सूचना. एएनएमच्या प्रमाणपत्रावर ब्रिटन-जर्मनीत नर्स म्हणून नोंद होत नाही. मग एजंट 'केअरगिव्हर' म्हणून पाठवतो म्हणतात. ब्रिटनने २२ जुलै २०२५ पासून बाहेरच्या देशांतून नवे केअर वर्कर घेणं बंद केलं आहे. त्यानंतरही कुणी त्या व्हिसाचे पैसे मागत असेल तर ती फसवणूक आहे.

अनुभव कागदावर आणायचा कसा

ज्या भगिनी आज नोकरीत आहेत, त्यांनी हे आजपासून सुरू करावं. बाहेर जायचं नसलं तरी.

एक, शंभर पानी वही घाला. रोजच्या ड्यूटीची नोंद करा: तारीख, सरळ बाळंतपण की गुंतागुंतीचं, तुम्ही स्वतः केलं की मदत केली, टाके, रक्तस्राव, बाळाला श्वास द्यावा लागला का. रुग्णाचं नाव लिहू नका, ती तिची खासगी गोष्ट आहे. महिन्याला सिस्टर इन्चार्ज किंवा मेट्रनची सही घ्या.

दोन, दाखला नीट मागा. त्यात हे हवं: नोकरीची सुरुवातीची आणि शेवटची तारीख, पद, पूर्ण वेळ की अर्धवेळ, कोणत्या विभागात किती वर्षं, लेबर रूममध्ये नेमकी कोणती कामं स्वतंत्रपणे केली, हॉस्पिटलच्या खाटा, सही करणाऱ्याचं नाव आणि पद, शिक्का, फोन, ईमेल. मालक म्हणेल, एवढं कोण लिहितं? तुम्ही मसुदा टाइप करून न्या आणि सही मागा. छोटी नर्सिंग होम बंद पडतात, डॉक्टर वारतात. मग डेटाफ्लोला उत्तर द्यायला कुणी उरत नाही. म्हणून नोकरी सोडताना नाही, नोकरीत असतानाच दाखला घ्या.

तीन, पगाराच्या पावत्या, पीएफची नोंद, बँकेचं पासबुक जपा. हातात रोख पगार घेऊन पंधरा वर्षं काढलेल्या बाईला ती तिथे होती हेच सिद्ध करता येत नाही.

चार, नाव. आपल्यात हा घोळ फार आहे. शाळेत एक आडनाव, वडिलांनी नंतर बदललेलं दुसरं, लग्नानंतर तिसरं. डिप्लोमा एका नावावर, पासपोर्ट दुसऱ्या. गॅझेट, लग्नाचा दाखला आणि गरज पडल्यास प्रतिज्ञापत्र करून साखळी जोडून ठेवा. कौन्सिलच्या नोंदीतही नाव बदलून घ्या आणि नोंदणीचं नूतनीकरण चुकवू नका.

पाच, मूळ प्रमाणपत्रं कुणाच्याही ताब्यात ठेवू नका. हॉस्पिटलच्या नाही, एजंटच्याही नाही. दाखवा, साक्षांकित प्रत द्या, मूळ घरी आणा.

एजंट आणि कायदा

१९८३ च्या उत्प्रवास कायद्यानुसार परदेशी नोकरी लावणाऱ्या एजंटला केंद्र सरकारचं नोंदणी प्रमाणपत्र लागतं. नोंदणी असलेल्यांची यादी ई-मायग्रेट या सरकारी संकेतस्थळावर आहे. नोंदणीकृत एजंटलाही उमेदवाराकडून जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावर जीएसटी एवढंच घेता येतं, आणि त्याची पावती द्यावी लागते. आपल्या ताईकडे मागितले होते तीन लाख! ब्रिटनच्या कायद्यात तर नोकरी शोधून देण्याचे पैसे उमेदवाराकडून घेणंच बेकायदा आहे.

आखातासह १८ देशांसाठी आणखी एक नियम आहे. दहावी पास असल्याने आपला पासपोर्ट उत्प्रवास परवानगी न लागणाऱ्या वर्गात येतो. पण नर्सच्या नोकरीसाठी २०१५ पासून या देशांत जाताना ही परवानगी सक्तीची केली आणि भरती सरकारी संस्थांमार्फत आणली. कारण त्याच सुमारास कुवेतच्या नोकरीसाठी केरळच्या नर्सकडून प्रत्येकी लाखो रुपये उकळल्याचं प्रकरण उघड झालं होतं आणि सीबीआयने गुन्हा नोंदवला होता. म्हणून "व्हिजिट व्हिसावर चला, तिथे बदलून घेऊ" असं कुणी म्हटलं तर जाऊ नका. त्या वाटेने गेलेल्या बाईची सरकारकडे नोकरदार म्हणून नोंदच नसते. रीतसर गेलात तर प्रवासी भारतीय विमा योजना मिळते. दोन वर्षांसाठी २७५ रुपये, तीन वर्षांसाठी ३७५ रुपये हप्ता, आणि अपघाती मृत्यू किंवा कायमचं अपंगत्व आल्यास १० लाखांचं संरक्षण. अडचण आली तर १८०० ११ ३०९० या मोफत क्रमांकावर विचारता येतं.

करार सहीआधी घरी आणून वाचा. पद काय लिहिलंय? पगार किती, राहणं-खाणं त्यात की वेगळं? आधी नोकरी सोडली तर किती पैसे परत द्यायचे? पासपोर्ट तुमच्याजवळच राहील ना?

घरात बसून ठरवायच्या गोष्टी

बाई बाहेर जाते तेव्हा घर मागे राहतं. मुलांचा अभ्यास कोण घेणार, सासूच्या साखरेच्या गोळ्या कोण आणणार, पाठवलेला पैसा कुणाच्या खात्यात जाणार, हे आधी ठरवा. पैसा तिच्या स्वतःच्या खात्यात यावा आणि घरखर्च तिथून द्यावा, असं माझं स्पष्ट मत आहे. काही जण तिला म्हणतील, इथल्या बाया सोडून तू गोऱ्यांची सेवा करायला चाललीस? त्यांना विचारा, सतरा वर्षं तिला किती पगार दिला? नाळ कापायचं काम एकेकाळी आपल्या आज्या-पणज्यांवर विटाळाचं म्हणून लादलं होतं आणि बदल्यात पदरात मूठभर धान्य पडत होतं. त्याच कामाची आज जगात किंमत आहे. ती मागण्यात लाज कसली?

त्या ताईने बचत गटातून पैसे उचलले नाहीत. प्रसूतिगृहाला दोन पानी मसुदा दिला आहे. डॉक्टर बघू म्हणालेत, सही अजून झालेली नाही. जुन्या रजिस्टरांतून ती सुट्टीच्या दिवशी स्वतःच्या हाताखालची बाळंतपणं मोजत बसते. गेल्या रविवारपर्यंत चार वर्षांची झाली होती, आकडा सहाशेच्या वर गेला होता. ओईटीची तयारीही सुरू केली आहे. नर्स म्हणून जायचं की मिडवाइफरीचं प्रशिक्षण आधी घ्यायचं, हे ती दाखला हातात आल्यावर ठरवणार आहे.

कुणाच्या कागदांत असाच घोळ असेल तर रविवारी वंदनेनंतर पिशवी घेऊन या. मूळ कागद मात्र घरीच ठेवा, झेरॉक्स आणा. जय भीम.