नवें बुबुळ आणि जुना काचबिंदू

तीन वर्षांपूर्वींची गोष्ट. शस्त्रक्रियेस महिना लोटल्यावर एके सकाळीं आमच्या ती. दादांनीं भिंतीवरील दिनदर्शिकेकडे पाहून तिथि मोठ्यानें वाचली. दोन वर्षें ज्यांस ताटांतलें मीठ दिसत नव्हतें, त्यांनीं तिथि वाचली! घरांतील लहानथोर मंडळी भोवतीं जमली. वहिनींनीं देवापुढें साखर ठेवली. त्या आनंदाच्या भरांत आमच्या हातून, आणि विशेषतः माझ्या हातून, जी चूक घडली, ती वाचकांच्या घरीं घडूं नये, एवढ्याचसाठीं हा लेख लिहीत आहें.

दादांस काचबिंदू पुष्कळ वर्षांचा. डाव्या डोळ्याची दृष्टि त्यानें आधींच नेली होती. उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला, आणि पुढें त्याच डोळ्याचें बुबुळ सुजून धुरकट झालें. अखेर कोणा अज्ञात दात्याच्या नेत्रदानानें त्यांस नवें बुबुळ लाभलें.

अशा वेळीं लोक 'डोळा बदलला' असें म्हणतात. तें खरें नव्हे. बदलतात तें डोळ्याच्या अगदीं पुढचें पारदर्शक पटल. शास्त्रांत त्यास पारपटल किंवा कॉर्निया म्हणतात. आपण बोलतांना बुबुळ म्हणतों. ७ डिसेंबर १९०५ रोजीं मोरेव्हियांतील, म्हणजे आजच्या चेक देशांतील, ओलोमोउत्स येथें डॉ. एडुआर्ड झिर्म यांनीं चुन्यानें डोळे भाजलेल्या एका मजुरावर असें रोपण केलें, व एका डोळ्यांत तें टिकलें. पूर्ण जाडीच्या पारपटलाचें मनुष्यावरील पहिलें यशस्वी रोपण तें हेंच.

पारपटलाच्या आंतल्या अंगास पेशींचा एकच पातळ थर असतो. पटलांत मुरणारें पाणी सतत उपसून तें निर्मळ ठेवणें हें त्याचें काम. या पेशी एकदां मेल्या कीं मनुष्यांत पुन्हा निपजत नाहींत. त्याच डोळ्यांत एक द्रव अहोरात्र झरत असतो, आणि पटलाच्या कडेशीं असलेल्या चाळणीसारख्या जाळींतून तो निघून जातो. वाट तुंबली कीं दाब चढतो. हा दाब सामान्यतः पाऱ्याच्या १० ते २१ मिलिमीटर असतो. तो वाढला म्हणजे मागील दृष्टिमज्जातंतु हळूहळू मरतो, आणि मेलेला तंतु कोणत्याही शस्त्रक्रियेनें परत येत नाहीं. सुश्रुतानें वर्णिलेल्या अधिमंथांत डोळा घुसळल्यासारखी वेदना होते. परंतु नेहमींचा काचबिंदू मुळींच दुखत नाहीं. कडेची दृष्टि कुरतडत तो चोरपावलांनीं येतो.

आतां या दोन गोष्टी एकाच डोळ्यांत आल्या म्हणजे काय होतें तें पाहा. परकें पटल शरीरानें झिडकारूं नये म्हणून स्टिरॉइडचे थेंब दीर्घकाळ घालावे लागतात. पण त्याच थेंबांनीं कित्येकांचा दाब चढतो. शस्त्रक्रियेनंतर बाहुलीभोवतींचा रंगीत पडदा कडेस चिकटला, तर द्रवाची वाट आणखी बंद होते. चढलेला दाब दात्याकडून आलेल्या पेशीही मारतो. दाब उतरविण्यास डोळ्यांत बारीक नळी बसवावी, तर तिच्या सान्निध्यानें त्याच पेशी झिजण्याचें भय! शिवाय दाब मोजणेंही अवघड. कारण नेहमींचें यंत्र पटल किंचित् चेपून मोजतें, आणि नवें पटल जाड किंवा टांक्यांनीं वांकडें असलें तर आंकडा फसवा येतो. अलीकडे पुष्कळ रोग्यांत संपूर्ण पटल न बदलतां आंतला थर तेवढा बदलतात. त्यांतील अतिशय पातळ थराच्या रोपणांत शरीरानें झिडकारण्याचा संभव कमी, व सौम्य स्टिरॉइडवरही भागूं शकतें. तथापि काचबिंदूचा पहारा तेथेंही सुटत नाहीं.

डॉक्टरांनीं दादांस दोन्ही प्रकारचे थेंब लिहून दिले होते. काचबिंदूची बाटली संपली तेव्हां मीं, घरांतला शहाणा, म्हणालों, "नव्या डोळ्याला जुन्या रोगाचें औषध कशाला?" ती पुन्हा आणली नाहीं. नातीच्या लग्नाच्या गडबडींत तपासणीही लांबली. दादा दाराच्या चौकटीस खांदा आपटूं लागले, तर 'वय झालें' म्हणून आम्ही हंसलों. चार महिन्यांनीं दाब मोजला, तो ३८ भरला. पटल मात्र स्फटिकासारखें स्वच्छ! डॉक्टर एवढेंच म्हणाले, "खिडकी स्वच्छ आहे, दिवा विझत चालला आहे." पुढें नळी बसवून उरलेली दृष्टि वांचविली, गेलेली गेली.

म्हणून ज्या घरीं असा रोगी असेल त्यांनीं इतकें पाळावें. थेंबांच्या वेळा कागदावर लिहून भिंतीस लावाव्या. दोन औषधांमध्यें निदान पांच मिनिटें जाऊं द्यावीं. कोणताही थेंब, स्टिरॉइडचा असो वा काचबिंदूचा, आपल्या बुद्धीनें बंद करूं नये. दर तपासणीस 'दाब किती?' हें विचारून टिपून ठेवावें. डोळा लाल झाला, दुखूं लागला, उजेड सोसेना किंवा धूसर दिसूं लागलें, तर त्याच दिवशीं डॉक्टर गांठावा. काचबिंदू पुष्कळदां घराण्यांत चालतो. म्हणून रोग्याच्या भावंडांनीं व मुलांनींही आपले डोळे तपासून घ्यावे.

आपल्या भाषेंत 'योगक्षेम' असा जोडशब्द आहे. न मिळालेलें मिळणें हा योग. मिळालेलें राखणें हें क्षेम. योग दात्यानें व शस्त्रवैद्यानें घडविला. क्षेम आमच्याकडे होतें. दादा आतां ठळक अक्षरें वाचतात, चालतांना मात्र हात धरावा लागतो. मला ते एका शब्दानेंही बोलले नाहींत. रोज रात्रीं आठ वाजतां त्यांच्या डोळ्यांत थेंब घालण्याचें काम मीं आपण होऊन मागून घेतलें आहे.